जोमाशेठचा पेला

सेकंडहॅण्ड गाडी बघायला जाताना लोक सोबत मेकॅनिक नेतात. आमचे जोमाशेठ स्टीलचा पेला नेतात. गाडीच्या मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसायचं, आर्मरेस्टवर काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा आणि दुकानदाराला फर्मान सोडायचं, "कर चालू." मग पेल्यात मासा असल्यासारखं टक लावून बघत राहायचं. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून विचारायचं, "सायेब, पानी काय बोलतंय?"

सायेब म्हणजे मी. बँकेतून रिटायर झालेला, पनवेलला फ्लॅट घेऊन स्वस्थ बसलेला माणूस. आमची सोसायटी जोमाशेठच्या भाताच्या शेतावर उभी आहे आणि ते हे मला विसरू देत नाहीत. "तुमी झोपता ना, तिथं आमची मलनी व्हायची," हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. त्यामुळे रात्री कूस बदलतानाही जरा परवानगी घ्यावीशी वाटते.

शेठचं बैठं घर आमच्या कंपाउंडला लागून आहे. माणूस लाख, पण रीत आडदांड. स्वतःच्याच घरात शिरताना उंबऱ्यावर पाय असा आपटतात की शोकेसमधल्या बाहुल्या हलतात. बायकोशी बोलायचं तर आधी टेबलावर थाप, मग बोलणं. मी एकदा म्हटलं, "शेठ, हळू! टेबल मोडेल." तर म्हणाले, "मोडलं तर दुसरा घिऊ. लाकडाला काय तोटा?"

नवरा असा, तर यमुनावहिनी त्याच्या अगदी उलट. इतकी गोड बाई मी पाहिलेली नाही. तुम्ही काहीही म्हणा, हसून "हो, तर!" म्हणतील. मी सांगितलं, वहिनी, मला डायबिटीस आहे, चहात साखर नको. "हो, तर!" म्हणाल्या आणि बासुंदीसारखा चहा आणून दिला. आमचा मेहुणा हॉस्पिटलात आहे म्हटलं, तर "हो, तर! देवाची किरपा," म्हणाल्या. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, जरा त्यांच्याकडून शीक, शब्दाला शब्द नाही. त्या दिवशी मला चहा बिनसाखरेचा मिळाला, आणि बिनदुधाचाही.

तर गाडी. शेठच्या दारात मोठी उंच जीप होती, पण वहिनींच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि त्यांना वर चढवेना. बसकी, ऐसपैस, गादीत रुतून बसता येईल अशी गाडी हवी होती. म्हणजे परदेशी बनावटीची सेडान. नवी का नाही, यावर शेठचं उत्तर तयार होतं. "नवी घेतली का भावकी जलते. जुनी घेतली का हसते. हसलेली परवडली."

आता प्रश्न उरला पेट्रोल की डिझेल. हा विषय निघाला की मला स्फुरण चढतं. मी स्वतः आयुष्यभर स्कूटर चालवली, पण व्हिडिओ सगळे बघितलेत. मी शेठना पटवून दिलं, "तुमचं जाणं-येणं किती? मार्केट, दवाखाना आणि वहिनींचं माहेर आपटा. डिझेल लांब पल्ल्याचं जनावर. गल्लीत फिरवलंत तर त्याच्या धुराच्या जाळीत काजळी साचते. शिवाय पेट्रोल कसं शांत! इंजिन चालू आहे हेच कळत नाही."

शेठ मन लावून ऐकत. "तुमचं शंबर टक्के बरोबर हाय," म्हणत. आणि पुढे, "पन पान्याला इचारू."

झालं! कळंबोलीपासून खारघरपर्यंत एक दुकान सोडलं नाही. पेट्रोल गाडीत पेल्यातलं पाणी ढिम्म हलत नसे. दुकानदार छाती फुगवून म्हणे, "बघा साहेब, एक तरंग आहे का?" आणि शेठचा चेहरा पडे. पाणी रस्त्यावर ओतून, पेला खिशात कोंबून ते चालू लागत. मला वाटे, आपल्याला न दिसणारा बारीक तरंग यांना दिसतो. काय ही नजर, काय ही चिकित्सा! गाडी शांत असून यांचं समाधान होत नाही म्हणजे यांना आणखी शांत हवी. मी तर दोन-तीन दुकानदारांना तसं खाजगीत बजावूनही आलो.

त्यात एक इक्बालभाई होते. गल्फमध्ये गाड्यांचं काम करून आलेले, कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता, हायवेला दुकान. त्यांनी एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन सेडान शेजारी उभ्या केल्या. "शेठ, ही पेट्रोल, ही डिझेल. सगी बहिणी समजा. कसम से, याच्यापुढे तुम्हाला बघायला गाडी उरणार नाही."

पेट्रोलमध्ये पाणी झोपलं. डिझेल जरा जास्तच वापरलेली होती. चालू झाली तशी सीटमधून घुरघुर आली आणि पेल्यात गोल गोल तरंग उठून दोन थेंब शेठच्या धोतरावर पडले. शेठ त्या तरंगांकडे बघतच राहिले. मग उठले आणि म्हणाले, "रविवारी हिला घिऊन येतो, मग बोलू."

इक्बालभाई खट्टू झाले. मी त्यांच्या कानात सांगितलं, पाणी हललं ना, म्हणून टाळतायत.

रविवारी वहिनी आल्या. नऊवारी नेसून, गजरा माळून. डिझेल गाडीत मागे डावीकडे बसल्या आणि तळहात दाराला टेकवला. शेठ शेजारी पेला घेऊन बसले. मी शेठच्या बाजूच्या उघड्या दाराशी उभा. इक्बालभाईंनी लग्नातल्या वरबापाच्या थाटात चावी फिरवली.

पाणी हललं नाही. एवढंसुद्धा नाही.

इक्बालभाई माझ्याकडे बघून हसले. मी हसलो. शेठ पेल्याकडे बघत होते, आणि वहिनी समोर बघत शांत बसल्या होत्या. बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "अवो, चालू करा ना. किती येल बसून र्‍हायाचं?"

इंजिन चालूच होतं. मला बाहेर आवाज येत होता.

शेठनी विचारलं, "इक्बाल, काय केलंस?"

"माउंट बदलले, शेठ! इंजिनाच्या खालचे रबर. जुने पार बसले होते, त्यानेच थरथर यायची. नवे टाकले, माझ्याकडून. आता पेला काय, समंदर ठेवा!"

"जुने कुठं हायत?"

"भंगारात."

"तेच बशीव परत."

इक्बालभाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेठ खाली उतरले, आम्हा दोघांना डिकीमागे घेऊन गेले आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"तिला आयकू येत नाय. आता कायच नाय. मशीन लावून बगलं, उपेग नाय झाला. कुनाला सांगू नका म्हनते, सुना हसतील. हसून हो हो करते सगल्यांला." त्यांनी कपाळ पुसलं. "लगीन झालं तवा माजा मिठाचा टेम्पो होता. ही केबिनमदी बाजूला बसायची, दाराला हात लावून झोपायची. आता त्या गप गाडीत बसली का घाबरते. बोलते, काय हलत नाय, मना वाटतं मी एकलीच हाय. जीपमदी दार थरथरायचं, तवा तिला समजायचं, चाललोय. पन जीपमदी चढवत नाय तिला."

मला एकदम सगळं आठवलं. तो उंबऱ्यावरचा पाय, टेबलावरची थाप. ते "हो, तर!" आणि साखरेचा चहा. ज्या बाईला मी गोड म्हणत होतो ती माझा एक शब्दही ऐकत नव्हती, आणि ज्याला मी आडदांड म्हणत होतो तो फक्त तिला "आलो गं" म्हणत होता. माझ्या पेट्रोलच्या व्याख्यानांची मला लाज वाटली.

"पहिले बोलायचं ना शेठ," एवढंच इक्बालभाई म्हणाले. आणि तो कडक इस्त्रीचा कुर्ता स्वतः भंगारात शिरला. जुने रबर शोधून काढले, घासूनपुसून परत बसवले. अख्ख्या रायगड जिल्ह्यात चांगला माल काढून खराब माल बसवून घेणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं असेल.

पुन्हा चावी फिरली. पेल्यात तरंग उठले. वहिनींनी दारावरचा हात जरा दाबला आणि शेठकडे बघून हसल्या. "झाली चालू," त्या म्हणाल्या.

गाडी घेतली ती हीच. त्यानंतर मी शेठकडे गेलो की आधी उंबऱ्यावर पाय आपटतो. वहिनी वर बघतात, "या" म्हणतात, साखरेचा चहा देतात. तो कसा नाकारायचा हे मला अजून समजलेलं नाही.

परवा आपट्याला निघालो होतो. वाटेत रेल्वेचं फाटक पडलं. पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्यांनी इंजिनं बंद केली. आमचंच एकटं घुरघुरत होतं. माझ्यातला बँकवाला जागा झाला.

"शेठ, फाटकाला वेळ आहे. बंद करा, डिझेल जळतंय."

शेठनी आरशात बघितलं. मागे डाव्या बाजूला वहिनी झोपल्या होत्या, तळहात दाराला टेकवून.

"जलू दे, सायेब," ते म्हणाले. "बंद केली तर जागी व्हईल."