दंतवैद्याच्या संगणकाचा कबुलीजबाब

"मी संगणक दुरुस्त करत नाही, मी त्याचा कबुलीजबाब घेतो," असं भावोजी स्वतःबद्दल सांगत. कार्डावरही तेच छापलेलं होतं. त्यांची जड पिशवी उचलणारे त्यांचे मेव्हणे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, हे वाक्य चारशेव्यांदा ऐकत होते. बायकोचा भाऊ म्हणजे फुकटचा हमाल, अशी भावोजींची पक्की समजूत होती.

प्रकरण दंतवैद्याच्या दवाखान्यातलं. स्वागतकक्षातला संगणक रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी बंद पडे आणि दुपारच्या पेशंटांची अर्धवट यादी उडून जाई. डॉक्टरांनी अकरा वर्षं स्वागतकक्ष सांभाळणाऱ्या बाईंना बजावलं होतं, "तीन दिवसांत याचा छडा लागला नाही तर पुढे येऊ नका."

संगणक आपली रोजनिशी ठेवतो, तिला लॉग म्हणतात. काय झालं, किती वाजता झालं, सगळं त्यात. बिघाड लाल खुणेने, इशारा पिवळ्या, साधी माहिती निळ्या. भावोजी फक्त लाल वाचत.

"निळं कोण वाचतं? गुन्हेगार का निळ्यात राहतो?" भावोजी म्हणाले.

पहिल्या दिवशी त्यांना 'प्रिंटर सापडला नाही' अशी लाल ओळ सापडली. "प्रिंटरचं अपहरण!" दवाखान्यात दोन वर्षांपासून प्रिंटर नव्हता. दुसऱ्या दिवशी मोठ्या मनाने पिवळ्यावर उतरले. घड्याळाची वेळ जुळत नाही, एवढंच तिथे होतं. भावोजींनी त्यातून परदेशी टोळी काढली. मेव्हण्यांनी कपाळावर हात मारला. तिसऱ्या दिवशी भावोजींनी डोळे मिटले.

"संगणक बंद पडतो तेव्हा बाई आत डबा खात असतात. रोज! इतकं निर्दोष असणं संशयास्पद नाही का, मेव्हणे?"

"अहो, माणूस जेवतो एक वाजता!"

पण डॉक्टरांना ते पटलं. पटायचंच, दोष आपल्या खुर्चीपर्यंत येत नसला की माणसाला काहीही पटतं. तेवढ्यात एक वाजला. डॉक्टर रोजच्यासारखे बाईंच्या खुर्चीत बसले. "मी तर याला हातसुद्धा लावत नाही. यादी बघायला बसतो आणि हा बंद! बाई, तुमचा हिशेब करून टाकू."

बाईंचा डबा हातातच राहिला. मेव्हण्यांना इतका राग आला की पिशवी त्यांनी धाडकन खाली टाकली.

"त्या निळ्या ओळीत काय आहे, ते एकदा वाचा ना," बाई म्हणाल्या.

"ती नुसती माहिती आहे," भावोजी हसले.

"मग माहितीच द्या."

मेव्हण्यांनी चष्मा लावला आणि कालची निळी ओळ मोठ्याने वाचली, "एक वाजून दहा. बंद होण्याचं कारण: पॉवरचं बटण दाबलं गेलं." आदल्या दिवशीही तेच. त्याच्या आदल्या दिवशीही तेच. तीन दिवस ही ओळ भावोजींच्या नाकासमोर होती.

"हं! म्हणजे बटण दाबणारा अदृश्य हात..." भावोजींनी सुरू केलं.

डॉक्टरांनी कंटाळून बूट काढले आणि टेबलाखाली पाय ताणले. खट् झालं. पडदा काळा.

बाई वाकल्या. टेबलाखाली संगणकाचा डबा उभा होता आणि त्याच्या बटणावर, मोज्याच्या भोकातून बाहेर डोकावणारा, डॉक्टरांचा अंगठा टेकला होता.

दवाखान्यात कुणी हललं नाही. अंगठा तेवढा हळूच मागे गेला.

"माझा पहिल्यापासून पायावरच संशय होता," भावोजी म्हणाले.

त्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "मला चोर ठरवायला तीन दिवस लागले. माफी मागायला किती लागतील?"

डॉक्टर बूट शोधत पुटपुटले, "चुकलं माझं, बाई. उद्या या."

"येईन. पण माझ्या खुर्चीत बूट घालून बसायचं." आणि त्या जेवायला गेल्या.

भावोजींनी वही काढली. "प्रकरण यशस्वी! चला, पिशवी घ्या, मेव्हणे."

मेव्हणे केव्हाच रस्त्यावर पोचले होते, मोकळ्या हातांनी.