भर दुपारचा हेडलाइट

नागपूरचा मे महिना, दुपारचे दोन. डांबर चपलेला चिकटतं, कुत्री नालीत जाऊन बसतात, आणि ज्याला अगदीच इलाज नाही तोच माणूस रस्त्यावर असतो. अशा वेळी हुडकेश्वरच्या रस्त्याने एक जुनी गियरची स्कूटर येते. चालवणाऱ्याच्या डोक्याला पांढरा दुपट्टा, त्यावर हेल्मेट, आणि पुढे हेडलाइट चालू. वर सूर्य आपलं काम करतो आहे आणि खाली आमचे शेजारी दौलतभाऊ मेश्राम त्याला हातभार लावत आहेत.

भर दिवसा कोणाचा लाइट चालू दिसला की आपल्या लोकांना राहवत नाही. समोरून येणारा हँडलवरचा एक हात सोडतो आणि पाचही बोटं चिमणीच्या चोचीसारखी उघडझाप करतो. म्हणजे, बाबा रे, तुझा लाइट चालू राहिला. एरवी चौकात इंचभर जागा न देणारा माणूससुद्धा एवढं पुण्य आवर्जून करतो. सिग्नलला तर लोक काच खाली करून सांगतात, "काका, लाइट चालू हाय तुमचा."

दौलतभाऊ त्यावर समाधानाने मान हलवतात. "माहीत हाय गा. तुले दिसला ना? झालं तं मंग."

आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला टोकणाऱ्यांचा आकडा सांगायचे. "आज तेवीस." एखाद्या दिवशी एकतीस झाले की त्यांची चाल बदललेली असायची. कमलबाई, त्यांची बायको, मला कुंपणावरून म्हणायची, "ताई, या माणसाचं काय सांगू वं तुमाले. लगीन झालं तवा बी यायनं खोलीतला लाइट बंद करू देला नाही." मग दोघी पदर तोंडाला लावून हसायचो. दौलतभाऊ पलीकडे स्कूटरची काच पुसत असायचे, आणि त्यांना सगळं ऐकू जायचं.

आम्ही या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, घर बांधलं तेव्हा आजूबाजूला तुरीचं शेत होतं. दौलतभाऊ एका सरकारी खात्यात जीपवर ड्रायव्हर, मी शाळेत विज्ञान शिकवायची. वय अडतीस. लेआउटमधली गाडी चालवणारी पहिली बाई मीच, आणि हे कोणी विसरू नये याची मी पुरेपूर काळजी घेत असे. मोठा काळा गॉगल, पदराला तीन पिना, ओठांना जांभळी लिपस्टिक. हॉर्न तर मी गरज नसताना वाजवायची. सीताबर्डीवरून निघाले की हुडकेश्वरला लोकांना कळत असावं, अशी माझी समजूत.

पहिल्याच आठवड्यात मी दौलतभाऊंना रोज थांबवून सांगितलं की तुमचा लाइट चालू आहे. रोज ते म्हणाले, "माहीत हाय वहिनी." सातव्या दिवशी माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी त्यांना भर रस्त्यात थांबवून समजावलं की दिवसा सूर्यप्रकाश इतका असतो की त्यात दिव्याचा प्रकाश कोणालाही दिसू शकत नाही. हे विज्ञान आहे.

ते अगदी शांतपणे म्हणाले, "मग तुमाले कसा काय दिसला सात दिवस?"

 मी गॉगल सारखा केला आणि निघून गेले.

पण दौलतभाऊ कोणाला असं सोडत नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी मला कॅनॉलच्या सरळ रस्त्यावर एका कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसवलं. दूरच्या टोकाहून दोन गाड्या सोबतच येणार: एक त्यांची, लाइट चालू, दुसरी त्यांच्या साडूची, लाइट बंद. जी आधी दिसेल तिकडच्या बाजूचा हात मी वर करायचा. त्यांची स्कूटर उन्हाच्या लाटेत एखादा मणी चमकावा तशी लगेच दिसली. साडूसाहेब बऱ्याच वेळाने धुळीतून तयार झाले. आणि मी हात वर केला तो साडूच्या बाजूचा. विज्ञानाचे पगारी लोक असेच असतात.

दौलतभाऊंनी जवळ येऊन गाडी बंद केली आणि मला म्हणाले, "उन्हाचं आल्या, मेहरबानी." मग साडूला म्हणाले, "चाल गा, वहिनीच्या चष्म्याचा नंबर वाढला दिसते." तो गॉगल बिननंबराचा आहे हे त्यांना ठाऊक होतं.

लाइटचं खूळ स्कूटरपुरतं राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. दूधवाल्याच्या कॅनला त्यांनी चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या. कमलबाईच्या भाजीच्या पिशवीला चिकटवल्या, तेव्हा ती आठ दिवस भाजीला गेली नाही. आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मोठ्यांच्या पोळ्यानंतर दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडाचे बैल सजवून ओढत नेतात आणि सजावटीला बक्षीस मिळतं. त्या वर्षी दौलतभाऊंच्या मुलीचा बैल आला तो कपाळावर दोन पांढरे दिवे आणि शेपटीखाली एक लाल दिवा घेऊन. परीक्षक कोण, तर मी. मी माइकवरून जाहीर केलं की बैलाला हेडलाइट नसतो, सबब हा बैल स्पर्धेतून बाद.

दौलतभाऊ मंडपातच उभे राहिले. "वहिनी, बैल तं सगळं पाहते. बैलाले कोणी पाहत नाही, त्याचं काय?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आणखी चिडले आणि पहिलं बक्षीस दिलं एका मोरपीस लावलेल्या बैलाला, जो बक्षीस घ्यायला जाताना चाक निघून पडला.

माझं डोकं ठिकाणावर आणलं ते एका ऑटोवाल्याने. मानेवाडा चौकात तो बाजूच्या गल्लीतून सरळ माझ्या पुढ्यात आला. मी ब्रेक दाबला, गाडी आडवी, मी नालीच्या काठावर, वह्या रस्त्यावर. लागलं फारसं नाही. तो धावत आला, वह्या गोळा करत म्हणाला, "मॅडम, माफ करा, दिसल्याच नाही तुमी."

मी दिसले नाही. मी. गॉगल, लिपस्टिक, हॉर्न, सगळं जागेवर असताना. घरी येऊन आरशात पाहिलं, तर मातकट साडी, करड्या रंगाची गाडी, धूळ बसलेलं हेल्मेट. रस्त्याचाच एक तुकडा उठून शाळेत निघालाय, असं ध्यान. गुडघ्याला आयोडीन लावताना जेवढं झोंबलं नाही तेवढं ते झोंबलं.

दुसऱ्या दिवसापासून मी लाइट लावू लागले. लेआउटच्या बाहेर गेल्यावर लावायची आणि आत शिरण्याआधी बंद करायची, म्हणजे दौलतभाऊंना कळू नये. दीड वर्ष मी हा चोरटा कारभार केला. मग एकदा त्यांनीच चौकात समोरून येत माझ्याकडे बोटांची चोच केली, आणि पुढे निघून गेले. घरी त्यावर एक शब्द नाही. कमलबाईने सांगितलं, "काल हे लय खूश होते वं. चार दिवसांची भाकर एकाच दिवशी खाल्ली."

पुढे काही वर्षांपूर्वी नियमच आला. नव्या दुचाक्यांना लाइटचं बटनच नाही. गाडी सुरू केली की दिवा लागलाच. दौलतभाऊ तोवर निवृत्त झाले होते. त्या दिवसांत ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून चौकातल्या चहाच्या टपरीवर बसत आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीकडे मुलीच्या लग्नात आलेल्या पाहुण्यांकडे पाहावं तसं पाहत. सुरुवातीला लोक त्या गाड्यांनाही चोची करायचे. मग सवय झाली. हळूहळू अख्ख्या नागपुरात दिवसाढवळ्या दिवे फिरू लागले आणि कोणी कोणाला काही सांगेनासं झालं. दौलतभाऊंनाही.

आकडा नवावर आला, मग दोनावर. एका संध्याकाळी कमलबाईने विचारलं, तर म्हणाले, "आज कोणीच नाही." तिने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही हसलो नाही.

आता साऱ्या लेआउटमध्ये बटन असलेली गाडी उरली ती दौलतभाऊंची सोडून माझी एकटीची. अठरा वर्षांची आहे. दौलतभाऊ रोज सकाळी साडेनऊला त्यांच्या फाटकाशी उभे असतात. मी गाडी बाहेर काढली की म्हणतात, "वहिनी, लाइट." मी म्हणते, "अगबाई, विसरलेच," आणि बटन दाबते. मी अडतिसाव्या वर्षी जितकी हुशार होते तितकी आता राहिले नाही, त्यामुळे हे मला जमतं.

यंदा दिवाळीला माझा मुलगा प्रशांत पुण्याहून आला आणि त्याने गाडी पाहिली. "आई, ही भंगारात जायच्या लायकीची आहे. विकून टाक. मी तुला नवीन घेऊन देतो, बॅटरीवाली, हलकी." मी हो ना करत होते तोवर त्याने मोबाइलवर फोटो टाकलेही. कामठीचं एक गिऱ्हाईक रविवारी येतो म्हणालं.

दौलतभाऊंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "नवीनले बटन नसंन ना?"

"नसणार," मी म्हटलं.

"मंग बरं हाय. फिकरच नाही." आणि आत गेले. त्या दिवशी पेपर त्यांच्या फाटकात संध्याकाळपर्यंत तसाच पडून होता.

खरं सांगते, माझ्या मनात पाप होतं. मला गाडी विकायची नव्हती, पण मुलाला तोंडावर नाही म्हणायची हिंमतही नव्हती. दौलतभाऊ काहीतरी खोडा घालतील, प्लग सैल करतील, निदान गिऱ्हाइकाला बोलून बोलून पळवतील, यावर मी सगळा भरवसा ठेवून बसले होते. झालं उलटं. शनिवारी सकाळी ते पाने आणि फडकी घेऊन माझ्या पोर्चमध्ये हजर. हेडलाइट सोडवला, काच आतून पुसली, बल्बमागची उजेड फेकणारी वाटी लखलखीत केली, नवा बल्ब बसवला.

मी चिडवलं, "काय भाऊ, विकणाऱ्यापेक्षा तुम्हालाच घाई झालेली दिसते."

"घेणाऱ्याले उजेड कमी नको पडाले," ते मान वर न करता म्हणाले. मग काच फिरवत फिरवत, मी काही विचारलं नसताना, सांगू लागले.

"मी जीपवर होतो तवाची गोष्ट हाय. सावनेर रोड, सकाळचे दहा. आडव्या रस्त्यानं बाहेर निघालो. इकडं पाहलं, तिकडं पाहलं. कोणी नाही म्हणून गाडी टाकली. अन् एक तरणा माणूस येऊन धडकला मोटरसायकलवर." काचेवर फुंकर मारली. "वाचला. पण पाय गेला तो गेलाच, अजून लंगडते. मी दवाखान्यात गेलो, वाटलं मले शिव्या देईन. तं तो काय म्हणते मले? साहेब, तुमी तं माह्याकडेच पाहून राहिले होते. म्हणून मी बिनधास्त आलो."

मी पायरीवर बसले.

"पाहून राहिलो होतो वहिनी. खोटं नाही सांगत. डोळे त्याच्यावरच होते. पण मले तो दिसला नाही." त्यांनी काच जागेवर बसवली आणि स्क्रू पिळला. "तवापासून कोणी मले हात करते ना, तं बरं वाटते. एवढ्या लोकाइले आपण दिसलो. आज धड घरी जाऊ."

मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि ओट्याशी उभीच राहिले. चौतीस वर्षं या माणसाच्या आकड्यावर मी हसले होते.

रविवारी गिऱ्हाईक आलं. एक विणकर गृहस्थ आणि त्यांची नोकरीला लागलेली मुलगी. मुलगी चुणचुणीत होती, गाडी तिला आवडली. दौलतभाऊंनी तिला बाजूला घेऊन बटन दाखवलं. "बाई, किल्ली फिरवली का पहिले हे. ऊन असो का पाऊस. तुले दिसते म्हणून नाही, दुसऱ्याले तू दिसली पाहिजे म्हणून." ती म्हणाली, "हो काका." त्यांनी तिच्याकडून तीनदा बटन दाबून घेतलं. त्यांचा आवाज एकदाही हलला नाही.

मीच म्हणाले, "गाडी विकायची नाही."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, मुलाला विचारावं लागेल. आयुष्यात मी त्याला कधी काही विचारलं नाही, पण कामठीच्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार. त्यांना तर्री पोहे खाऊ घातले, दोनदा माफी मागितली, मुलीच्या हाती घरचे चिवडा-लाडू दिले. ती जाताना दौलतभाऊंच्या पाया पडली, माझ्या नाही. बरोबरच होतं.

फाटक लावून आम्ही दोघं पोर्चमध्ये उरलो.

"काहून नाही देली?" दौलतभाऊंनी विचारलं.

"मला सकाळी साडेनऊला जायचं असतं ना."

ते पाने फडक्यात गुंडाळत होते. "वहिनी, तुमी निवृत्त होऊन चौदा वर्षं झाले."

आता वाचकांना सांगायला हरकत नाही. साडेनऊला मला कुठेही जायचं नसतं. पाण्याच्या टाकीपर्यंत जाते, वळसा घेते, येते. प्रशांतचे बाबा गेल्यापासून सकाळी घर फार मोठं होतं, आणि फाटकाशी उभं राहून कोणीतरी आपल्याला टोकणार आहे, एवढं कारण साडी नेसायला पुरतं. हे माझं मलाच ठाऊक, असा माझा समज होता.

"दहा मिनिटांत वापस येता," दौलतभाऊ म्हणाले. "हाती ना भाजी, ना पिशवी. मले माहीत हाय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"त्याच्यात बोलाचं काय हाय." त्यांनी फडक्याला गाठ मारली. "तुमी वळणावरून वापस येताना दिसल्या, का मी आत जातो."