एक पालक, एक उपकरण

डॉ. उत्तरा बिडवे यांनी लिहिलेल्या ‘वसतिगृह संगणकजाळे सुरक्षा व वापर धोरणा’त चौतीस कलमं होती, आणि त्यातलं एकही आपल्याला लागू नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. नियम करणाऱ्यांची ती असतेच. नाहीतर जगात इतके नियम झालेच नसते.

आरे कॉलनीच्या कडेला, झाडांच्या गर्दीत, विद्यापीठाचं मुलींचं वसतिगृह आहे. बिडवेबाई दोन वर्षांपूर्वी लातूरहून बदलीवर तिथे रेक्टर म्हणून आल्या. जून महिन्यात त्यांच्या कार्यालयातल्या संगणकावर ‘तुमचं पार्सल अडकलं आहे, इथे दाबा’ असा निरोप आला आणि कोणीतरी तो दाबला. मग प्रिंटर दुपारभर गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती छापत बसला. त्या कार्यालयात बाईंशिवाय कोणी बसत नसे, आणि पार्सलमधला मिक्सरही बाईंनीच मागवलेला होता. तरी चौकशी समितीने, जिच्या अध्यक्ष बिडवेबाईच होत्या, ‘मुलींच्या बेजबाबदार वापरामुळे’ असा निष्कर्ष काढला आणि धोरणाची शिफारस केली.

होस्टेलमध्ये मुलगी घेताना मुंबईतला एक लोकल गार्डियन लागतो, ही जुनी रीत. बाईंनी ती यंत्रांना लावली. मुलीला पालक लागतो, तर तिच्या लॅपटॉपला का नको? तेव्हा वायफायला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला एक स्थानिक पालक हवा, असं ठरलं. पालकाचं वय चाळीसच्या वर, राहणं उपनगरात, विद्यापीठाची नोकरी नको. त्याने कामाच्या दिवशी दहा ते बारा या वेळात स्वतः येऊन सही करायची, मग त्याच्या मोबाइलवर एक नंबर येणार, तो टाकला की उपकरण चालू. पुढे दर महिन्याला त्या उपकरणावर काय काय बघितलं गेलं याची यादी पालकाला टपालाने जाणार, आणि त्याने येऊन योग्य ती समज द्यायची.

पहिल्याच दिवशी मुलुंडच्या एका मावशीने एका बैठकीत चौदा लॅपटॉपांचं पालकत्व घेतलं. बाईंनी ताबडतोब कलम बारा घातलं: एक पालक, एक उपकरण. मग एका मुलीच्या वडिलांनी कुठल्याशा नगरसेवकाला फोन करायला लावला. त्यावर कलम तेरा आलं: सूट कोणालाही नाही, आणि ती द्यायचा अधिकार रेक्टरलाही नाही. स्वतःचे हात असे स्वतःच बांधून बाई त्या रात्री समाधानाने झोपल्या.

वायफायचं काम बघायला वाकोल्याचा दिपेश कंत्राटावर होता. त्याने धोरण दोनदा वाचून विचारलं, “मॅडम, प्रत्येक उपकरण म्हणजे प्रत्येक ना?”

“प्रत्येक म्हणजे प्रत्येक. तुला मराठी कळत नाही का?”

दिपेशने ते लेखी मागून घेतलं. कंत्राटावरचा माणूस होता, त्याला जगाचा अनुभव होता.

नोंदणीची मुदत गुरुवारी सकाळी दहाला संपत होती. तोपर्यंत सगळ्या मुलींनी काका, आत्या, वडिलांचे जुने सहकारी असे धरून आणून कागद पुरे केले होते. राहिली होती एकटी अक्षता. रेवदंड्याच्या कोळ्याची पोर, मत्स्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. तिची गार्डियन म्हणजे वेसाव्याला दिलेली तिची आत्या, कमळ. ती अंधेरीच्या मार्केटात मासळी विकते. सकाळी दहा ते बारा ही तिच्या धंद्याची ऐन वेळ. दोनदा ती टोपली आवरून संध्याकाळी पाचला आली, आणि दोन्ही वेळा बाईंनी तिला बाहेरूनच परत पाठवलं. वेळ म्हणजे वेळ.

आणि त्याच गुरुवारी अकरा वाजता अक्षताची मुलाखत होती. समुद्रावर काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेत तीन वर्षांची शिष्यवृत्ती. मागच्या वर्षी ती प्रतीक्षायादीत राहिली होती, पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती. होस्टेलमध्ये मोबाइलला निरोप आणि फोनापुरतीच रेंज, मुलाखतीपुरती असते ती गच्चीवर, पण गच्चीला कलम नऊप्रमाणे कुलूप. एकमेकींचे लॅपटॉप वापरायला मुलींना कलम दहाप्रमाणे बंदी. अक्षताने आत्याला फोन करून एवढंच सांगितलं, की गुरुवारी नाही आलीस तर माझं संपलं.

दहा वाजता दिपेशने नोंद नसलेली सगळी उपकरणं बंद केली. सर्वात आधी फाटकावरचं अंगठ्याचं यंत्र मुकं झालं. अंगठ्याची नोंद झाल्याशिवाय मुलीला बाहेर सोडायचं नाही असं कलम असल्यामुळे वॉचमन अनंताने फाटक लावून घेतलं आणि पेपर काढला. मग मेसमधलं कूपनचं यंत्र गेलं. कूपनशिवाय ताट नाही, म्हणून पातेलंभर पोहे निवत पडले आणि मुली रांगेत ताटकळत राहिल्या. बाईंना हे एकेक कळत होतं आणि शिस्त लावताना थोडा त्रास व्हायचाच असं त्या प्रत्येकाला ऐकवत होत्या. मग त्यांनी स्वतःचा संगणक उघडला. पडद्यावर एकच ओळ होती: ‘या उपकरणास पालक नाही.’

त्यांनी दिपेशला बोलावलं. अकरा वाजता विद्यापीठाची तपासणी समिती ऑनलाइन येणार होती. वसतिगृहाच्या जाळ्यावरूनच बाई तिला हे धोरण सादर करणार होत्या. वरच्या जागेची आशा होती, आणि ती जागा लातूरला, त्यांच्या गावी होती.

“हे चालू कर,” बाई म्हणाल्या.

“पालक आणा, लगेच करतो.”

“अरे, मी रेक्टर आहे.”

“म्हणूनच तर, मॅडम. कलम तेरा. सिस्टीमच तशी लावलीय, माझ्याही हातात नाही. बदलायचं तर मुख्य केंद्राकडे अर्ज. पंधरा दिवस लागतात.”

आता बाईंना मुंबईत चाळीशीच्या वरचा एक ओळखीचा माणूस हवा होता. दोन वर्षांत त्यांनी एकही जोडला नव्हता. शेजारच्या बाईंचं आडनावही त्यांना ठाऊक नव्हतं. अनंता आणि मेसचा आचारी विद्यापीठाचे नोकर, म्हणजे बाद, आणि दिपेश चाळिशीच्या आतला. मुलींच्या गार्डियनांनी आपापलं एक-एक उपकरण घेऊन टाकलेलं. दुसऱ्यांना ओळखीचे पुरावे मागण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्यावर अशी वेळ आली की बघायला बरं वाटतं.

दहा चाळीसला फाटकाशी रिक्षा थांबली आणि कमळ उतरली. अर्धी भरलेली टोपली शेजारणीच्या हवाली करून ती आली होती. पदर खोचलेला, हाताला पापलेटाचा वास. अनंताने पाहुण्यांच्या वहीत नाव लिहून तिला आत सोडलं. अक्षता लॅपटॉप छातीशी धरून कार्यालयाच्या दारात उभी होती.

बाई खुर्चीवरून उठल्या. मुलीच्या नातेवाइकासाठी त्या पहिल्यांदाच उठत होत्या. त्यांनी कमळला बसायला दिलं, पाणी मागवलं, आणि अतिशय गोड आवाजात समजावून सांगितलं, की वेळेत आलेल्या त्या एकट्याच मोकळ्या पालक आहेत. कलम बाराप्रमाणे त्यांना एकच उपकरण घेता येईल, तर विद्यापीठाच्या इभ्रतीसाठी त्यांनी रेक्टरचा संगणक घ्यावा. अक्षताची मुलाखत काय, पुन्हा होईल.

“नाही होणार, मॅडम,” अक्षता म्हणाली.

कमळ सातवी शिकलेली. तिने चौतीस कलमांचा कागद मागून घेतला आणि ओळीवर बोट ठेवत ठेवत वाचायला लागली. घड्याळात दहा पन्नास झाले. बाईंचा जीव टांगणीला लागला. सतराव्या कलमावर कमळचं बोट थांबलं.

“हे तूच लिवलंस? उपकरणाचा वापर पालकाच्या संमतीनेच करावा?”

“हो, मीच लिहिलंय.”

“मंग ठीक हाय. तुजं यंत्र मी घेते.”

अक्षताने मान खाली घातली. कमळने सही केली, मोबाइलवर आलेला नंबर दिपेशला वाचून दाखवला, आणि रेक्टरचा संगणक सुरू झाला. बाई लगबगीने खुर्चीकडे निघाल्या. कमळने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“थांब जरा. आधी माजी पोरगी बसंल.”

“अहो, तो कार्यालयाचा संगणक आहे.”

“असंल. पण त्याची पालक मी हाय ना? तुला माजी संमती नाय. तिला हाय.”

बाईंनी दिपेशकडे पाहिलं. दिपेश छताकडे बघत हळूच म्हणाला, “कलम सतरा, मॅडम. आणि सूट द्यायची तर तेरा.”

अकराला दोन मिनिटं असताना अक्षता रेक्टरच्या खुर्चीत, पाठीला टॉवेल टाकलेल्या त्या खुर्चीत, बसली. कमळने दार ओढून घेतलं आणि बाहेर स्टूल टाकून बसली. पंचवीस मिनिटं तिने कोणालाही आत जाऊ दिलं नाही. बाई व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. आतून अक्षताचा आवाज येत होता. बोंबील कुठल्या महिन्यात किनाऱ्याला येतो आणि हल्ली का येत नाही, ते ती कोणालातरी न अडखळता सांगत होती.

तपासणी समिती, समित्यांच्या रिवाजाप्रमाणे, पाऊण तास उशिरा आली, म्हणून बाई वाचल्या. सादरीकरणात नोंदणीची यादी दाखवताना अध्यक्षांना त्यात रेक्टरचाच संगणक दिसला. पालक: कमळ, वेसावे. व्यवसाय: मासळी विक्री. अध्यक्ष भारावले. अधिकाऱ्याने स्वतःपासून सुरुवात केल्याचं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. हे धोरण विद्यापीठातल्या सर्व अधिकाऱ्यांना लागू करावं, अशी शिफारस त्यांनी तिथल्या तिथे केली आणि बाईंना प्रशस्तिपत्र जाहीर केलं. बदलीचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, “अशा रेक्टरला आम्ही इथून हलू देणार नाही.”

आता विद्यापीठभर पालकांची शोधाशोध सुरू झाली. नातेवाईक पुष्कळ होते, पण आपण दिवसभर काय बघतो याची यादी मेहुण्याच्या घरी जावी असं एकाही अधिकाऱ्याला वाटेना. अनोळखी माणूसच बरा. मग एकेक जण गुपचूप दिपेशला विचारू लागला, की बिडवेबाईंनी ती बाई कुठून आणली. महिनाभरात मार्केटातली कमळची अख्खी रांग भरली. फाटकावरचं यंत्र, मेसचं यंत्र आणि अक्षताचा लॅपटॉप यांचं पालकत्व तर तिच्या शेजारणींनी दुसऱ्याच दिवशी घेतलं होतं. कुलसचिवांचा संगणक सुक्या बोंबलाच्या टोपलीकडे गेला, परीक्षा विभागाचा खेकड्यांकडे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा लिफाफे उघडले जातात आणि एकजण मोठ्याने वाचते.

अक्षताला शिष्यवृत्ती मिळाली. पत्र आलं त्या दिवशी कमळ मार्केटात रडली, आणि वजनात कोणाला किती गेलं ते तिने पाहिलं नाही.

बिडवेबाईंचा पहिला लिफाफा तिला मिळाला तेव्हा ती नियमाप्रमाणे समज द्यायला आली. संध्याकाळी पाचला. अनंताने आत फोन केला. बाई म्हणाल्या, वेळ दहा ते बारा आहे. कमळने उलट निरोप पाठवला, की मग मी संमती काढून घेते. दोन मिनिटांत फाटक उघडलं.

कमळने यादी टेबलावर ठेवली. “अकरा ते एक, रोज, लातूरच्या बदलीचा अर्ज. येक्केचाळीस वेळा. इतकं बघून गाव जवळ येतं काय?”

बाईंनी यादी उलटी करून ठेवली.

“त्या वेळात पोरींची कामं कर. आणि दर रविवारी वेसाव्याला ये जेवायला. मासळी खात नसशील तर भात-आमटी करीन. मुंबईत तुजं कोण हाय?”

बाईंनी वही पुढे ओढली आणि ‘समज मिळाली’ असं लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर नवा कागद लागला. धोरणाची चौतीसही कलमं कायम होती, फक्त पालकांच्या भेटीची वेळ आता संध्याकाळी पाच ते सात अशी केली होती.