दीपगृहांखालचा शर्ट

“ही इस्त्री बोटीवर चालणार नाही,” सामान तपासणारा म्हणाला.

“चालते की. मी कालच लावून बघितली,” ग्रंथपाल म्हणाले.

तपासणाऱ्याने एकदा इस्त्रीकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिले. “आगीची भीती असते, साहेब. उतरताना परत मिळेल.” त्याने इस्त्रीच्या दांड्याला चिठ्ठी बांधली आणि ती मागच्या फळीवर ठेवली. तिथे आधीच पुष्कळ इस्त्र्या ओळीने नाके वर करून उभ्या होत्या. आपल्यासारखी माणसे बोटीवर आणखीही आहेत, एवढाच काय तो दिलासा. पण ती शोधायची कशी आणि सापडली तर बोलायचे काय, हे ग्रंथपालांना कधीच जमले नव्हते.

नोकरी सुटून बरीच वर्षे झाली, तरी त्यांना सगळे ग्रंथपालच म्हणत. पत्नी गेल्यापासून ते एकटे राहत. म्हणजे घरात दुसरे माणूस नव्हते, पुस्तके होती. मुलीला हे पसंत नव्हते. वडिलांना एकट्याने राहणे जमते की नाही, हे ती त्यांच्या शर्टावरून ठरवी. डॉक्टर जीभ बघतात तशी ती आल्याआल्या कॉलर बघे.

“बाबा, हा शर्ट घालून तुम्ही बँकेत गेला होता?”

“कुणी काही म्हणालं नाही.”

“तोंडावर कोण म्हणेल? या ना आमच्याकडे राहायला. मागची खोली रिकामीच आहे.”

मागची खोली रिकामी नव्हती. तिथे कोणीही न चालवणारी व्यायामाची सायकल होती, आणि सायकलीशेजारी पुस्तकांचे एक कपाट मावेल एवढी भिंत होती. ग्रंथपालांच्या घरात तर कपाटांनी भिंती दिसेनाशा झाल्या होत्या. “बाकीची देऊन टाकू कुणाला तरी,” असे मुलगी म्हणायची. मांजराची पिल्ले देऊन टाकतात, त्या सुरात.

बोटीची ही सहल तिनेच ठरवली होती, दोघांसाठी. ऐन वेळी तिच्या ऑफिसात काहीतरी निघाले. “तुम्ही एकटे जा, बाबा. नीट निभावलंत तर मी मागच्या खोलीचं नाव काढणार नाही. फक्त त्या शुभ्र संध्याकाळचा फोटो पाठवा. उभं राहून काढलेला. कॉलर दिसली पाहिजे.”

शुभ्र संध्याकाळ म्हणजे सहलीतली मोठी मेजवानी. त्या दिवशी सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे. ग्रंथपालांकडे पांढरा शर्ट एकच होता. बॅग भरताना पुस्तकांमध्ये ज्या फटी राहिल्या होत्या, त्या त्यांनी त्या शर्टाने बुजवल्या होत्या. पुस्तके अगदी सुखरूप आली. शर्ट मात्र कोणीतरी रागाने चोळामोळा करून फेकल्यासारखा निघाला.

पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या दालनात वेटरने त्यांना दोघांच्या टेबलाशी नेले. दोन खुर्च्या, दोन बशा, दोन पेले.

“बाई येतायत ना, साहेब?”

येणार नाहीत, असे सांगितले की का नाही, हे सांगावे लागेल. मग मुलीचे ऑफिस, मग पत्नी. एवढे सगळे सूप यायच्या आत कसे सांगायचे? “येतील,” ग्रंथपाल म्हणाले.

वेटरने दोन सूप आणले. समोरचे सूप निवत गेले आणि त्यावर साय धरली. ग्रंथपाल ते सगळे जेवण संपेपर्यंत बघत बसले.

दुसऱ्या दिवसापासून वेटर लांबूनच विचारू लागला, “आज बाई येणार ना?” आता खरे सांगणे आणखीच अवघड झाले होते. “बघू,” ग्रंथपाल म्हणायचे.

शर्टाचा पहिला उपाय पत्नीचा होता. घाईच्या वेळी ती कपडे गादीखाली घालून ठेवी. त्यांनी तेच केले आणि वर झोपले. बोटीच्या पलंगाला लाकडी पट्ट्या होत्या. सकाळी जुन्या सुरकुत्या तशाच होत्या, आणि पाठीवर पट्ट्यांच्या आडव्या घड्या नव्याने आल्या होत्या. कदाचित पत्नी मध्ये चादर घालत असेल. विचारायचे राहून गेले होते.

दुसरा उपाय वाफेचा. न्हाणीघरात शर्ट टांगून त्यांनी गरम पाणी सोडले, दार लावले आणि बाहेर वाट बघत बसले. वाट बघताना पुस्तक उघडले, ही चूक झाली. प्रकरण संपवून त्यांनी दार उघडले, तेव्हा आतून ढगच बाहेर आला. छतावरची धुराची घंटा कर्कश वाजू लागली. खोल्या आवरणारा माणूस हातात झाडू घेऊन धावत आला.

“साहेब, काय जळतंय?”

“काही नाही हो. शर्ट आंघोळ करतोय.”

शेजारच्या दारांतून माणसे डोकावली. इतक्या लोकांनी एकाच वेळी आपल्याकडे बघण्याची ग्रंथपालांची ही पहिलीच वेळ होती. घंटा थांबल्यावर ते आत गेले. शर्ट हँगरवरून घसरून पाण्यात पडला होता.

तो पिळता पिळता त्यांना स्वतःचीच लाज वाटली. सुरकुती काढण्यात तर त्यांची हयात गेली होती! वाचनालयाच्या बांधणी विभागात पावसाने फुगलेली, लोकांनी दुमडलेली, चहा सांडलेली पाने त्यांनी हजारोंनी सरळ केली होती. सपाट जागा आणि वर वजन, बाकी काही लागत नाही. मग शर्टाने तरी वेगळे का वागावे?

पत्ते खेळायच्या दालनाच्या कोपऱ्यात बोटीचे वाचनालय होते. वाचनालय म्हणजे काचेचे एक कपाट. त्यात बहुतेक पुस्तके हलकीफुलकी, म्हणजे वजनालाही हलकी. खालच्या फळीवर मात्र लाल कापडी बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे, उशीएवढे जाड सहा खंड होते: जगातील दीपगृहे. एका वेळी एकच पुस्तक नेता येईल, हे ग्रंथपालांनी आयुष्यभर लोकांना सांगितले होते. पण इथे तसे सांगणारे कोणी नव्हते. त्यांनी सहाही खंड उचलले.

खोलीत दुसरा पलंग होता, मुलीचा. त्याची चादर कोणी मोडली नव्हती. त्यावर कपाटातली एक फळी ठेवून त्यांनी ओलसर शर्ट पालथा पसरला, बाह्या दोन्ही बाजूंना सरळ केल्या, आणि पाठीवर खंड रचले. दारातून पाहिले तर कोणीतरी दमून पालथे झोपले आहे असे वाटत होते. त्या दिवशी दुपारी ग्रंथपाल कितीतरी वेळ आपल्या पलंगावर वाचत पडले होते, आणि मधून मधून उगाच तिकडे बघत होते. खोलीत दुसरे कोणी असले की बरे वाटते.

संध्याकाळी ते काचेच्या कपाटापाशी गेले, तर एक बाई गुडघे टेकून खालच्या रिकाम्या फळीत हात घालून बघत होत्या. वय ग्रंथपालांएवढेच असेल. कपडे साधे, सुती, आणि इतके चुरगळलेले की बॅगेतून काढून झटकलेसुद्धा नसावेत.

“काल इथं दीपगृहांचे खंड होते,” त्या म्हणाल्या. “कुठल्या गाढवानं नेले?”

“कुणीतरी... वाचायला नेले असतील,” ग्रंथपाल म्हणाले.

“सहाच्या सहा? वाचतो का खातो?”

“तुम्हाला कुठला पाहिजे होता?” इतक्या वर्षांच्या सवयीने प्रश्न तोंडातून निघून गेला.

“तिसरा. त्यात आमचा दिवा आहे.” त्या गुडघे झटकत उठल्या. “माझे वडील दिवा सांभाळायचे. समुद्रात खडक, खडकावर मनोरा, आणि तिथं आम्ही तिघं. उद्या संध्याकाळी बोट तिथून जाणार. त्यासाठीच तर आले मी. परवा सकाळी बंदर आलं की उतरणार. आमच्याकडे त्या घराचा एकही फोटो नाही हो. या पुस्तकात आहे असं ऐकलं होतं. काल बघायला आले तर पत्तेवाल्यांनी टेबलं लावली होती. म्हटलं, उद्या निवांत बघू. तर आज हे.”

ग्रंथपालांचे कान तापले. पुस्तक हवे असलेला वाचक समोर उभा आहे आणि पुस्तक शर्टावर ठेवले आहे, असे त्यांच्या हातून कधी घडले नव्हते. पण शर्ट अजून ओला असणार. आणि खरे सांगायचे तर गाढव कोण, हेही सांगावे लागले असते.

“उद्या संध्याकाळपर्यंत येईल परत,” ते म्हणाले.

“तुम्हाला काय माहीत?”

“अनुभव आहे.”

दुसऱ्या दिवशी, शुभ्र संध्याकाळच्या वेळी, त्यांनी एकेक खंड उचलला. शेवटचा, शर्टाला टेकलेला, तिसराच निघाला. तो जरा चिकटला होता. शर्ट उलटून पाहिला. कॉलर, छाती, बाह्या, सगळे कोऱ्या कागदासारखे सपाट! पुढून एक सुरकुती असेल तर शपथ. मग त्यांनी पाठ पाहिली.

पाठीवर लाल चौकोन उमटला होता. मधली सोनेरी अक्षरे रंगली नव्हती. ती पांढरीच राहिली होती, उलटी. ओल्या वस्तूवर रंगीत बांधणी कधी ठेवायची नाही, मध्ये कोरा कागद घालायचा, हे ग्रंथपाल नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवत असत.

दुसरा पांढरा शर्ट नव्हता. ते तोच घालून, तिसरा खंड काखेत धरून, भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखे जेवणाच्या दालनात शिरले आणि टेबलाशी भिंतीकडच्या खुर्चीवर टेकले. पाठ भिंतीकडे म्हणजे काळजी नाही. ती भिंत पूर्ण आरशाची होती, हे त्यांच्या लक्षात आले नाही. आरशात बघण्याची त्यांना फारशी सवय नव्हती.

तेवढ्यात बाईंनी लांबूनच लाल बांधणी ओळखली. त्या तडक टेबलाशी आल्या. “आला का तिसरा? कुणी दिला?”

“मिळाला,” ग्रंथपाल म्हणाले.

वेटर धावतच आला. त्याने खुर्ची मागे ओढली. “आल्या का बाई! बसा, बसा. साहेब रोज वाट बघतात तुमची. सूपसुद्धा ठेवायला लावतात.”

बाईंनी ग्रंथपालांकडे पाहिले. ग्रंथपालांनी मीठदाणीकडे पाहिले. बाई खुर्चीवर बसल्या.

“पुठ्ठा ओला का आहे हो याचा?” थोड्या वेळाने त्यांनी विचारले. मग त्यांची नजर ग्रंथपालांच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली. कपाळाला आठ्या घालून त्यांनी सावकाश वाचले, “जगातील... दीपगृहे. खंड तिसरा.”

ग्रंथपालांनी मान वळवली. आरशात त्यांची पाठ होती, आणि उलटी अक्षरे आरशात सरळ झाली होती. अगदी स्वच्छ वाचता येत होती.

“गाढव सापडलं,” बाई म्हणाल्या.

मग ग्रंथपालांनी इस्त्री, गादी, आंघोळ, सगळे सांगितले. मागच्या खोलीचे आणि सायकलीचेही सांगितले. सूप यायच्या आत सांगून झाले, याचे त्यांनाच नवल वाटले. “मीपण एकटीच राहते,” म्हणून बाई इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. बोटीचा फोटोवाला आला आणि म्हणाला, “उभे राहा, दोघांचा काढतो.” ते उभे राहिले. ग्रंथपालही हसत होते, म्हणून आरशाची आठवण राहिली नाही.

दिवा दिसला तेव्हा अंधारू लागले होते. बाई कठड्याशी उभ्या होत्या, हातात फोटोचे पान उघडे. लांब काळ्या खडकावर उजेड लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा.

“आता कुणी नसतं तिथं,” त्या म्हणाल्या. “आपोआप लागतो.”

“म्हणजे एकट्याला जमतं का, असं त्याला कुणी विचारत नसेल,” ग्रंथपाल म्हणाले.

बाई या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक मिटले, आणि खडक दिसेनासा होईपर्यंत दोघे तसेच उभे राहिले. ग्रंथपालांची पाठ सगळ्या बोटीकडे होती.

सकाळी बंदर आले. बाईंनी खंड त्यांच्या हातात दिला. “जागेवर ठेवा. सहाही,” असे बजावून त्या एक छोटी बॅग घेऊन उतरल्या. त्यांना हाक मारून काहीतरी बोलायला हवे, असे ग्रंथपालांच्या मनात आले. काय बोलायचे ते ठरेपर्यंत त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या होत्या.

त्यांनी मुलीला फोटो पाठवला. दुसरा नव्हताच. लगेच फोन आला.

“बाबा, कॉलर काय मस्त आहे! पण मागं आरशात पाठीवर काय लिहिलंय?”

“पुस्तकाचं नाव.” त्यांनी सगळे खरे सांगून टाकले. पलीकडे मुलगी हसली.

“इस्त्री काढून घेतली तेव्हाच सांगायचं ना.”

“तू मागच्या खोलीचं नाव काढलं असतंस.”

“आणि शेजारी कोण आहेत?”

“वाचक आहेत.”

“कपडे किती चुरगळलेत हो त्यांचे! एकट्याच राहतात वाटतं?”

“हो,” ग्रंथपाल म्हणाले. “छान जमतं त्यांना.”

फोन बंद पडला की काय, म्हणून त्यांनी तो कानापासून लांब धरून पाहिला.

“बरं,” मुलगी म्हणाली. “सायकल राहू दे मग तिथंच.”

त्या संध्याकाळी ग्रंथपाल चुरगळलेला निळा शर्ट घालून जेवायला गेले. वेटर दोन बशा मांडून उभाच होता. “बाई येतायत ना, साहेब?”

“नाही,” ग्रंथपाल म्हणाले. “मी एकटाच आहे. पहिल्यापासून एकटाच होतो.”

वेटर घुटमळला, मग समोरची बशी उचलू लागला. तेव्हा ग्रंथपालांनी काखेतला तिसरा खंड काढला आणि समोर, पाण्याच्या तांब्याला टेकवून, उघडा उभा केला. जागेवर ठेवायला अजून अवकाश होता.

वेटरने पुस्तकाकडे पाहिले. “ह्यांना आणू का सूप?”

“नको,” ग्रंथपाल पान उलटत म्हणाले. “त्यांना ओलं चालत नाही.”