यादोराव आणि त्याचे सायेब

आमच्या दिघोरीत यादोरावच्या घरी दोघं राहतात. एक यादोराव आणि दुसरा त्याचा उजवा गुडघा. गुडघ्याला तो 'सायेब' म्हणतो. लग्नाची पत्रिका घेऊन कुणी दारात आलं की यादोराव आधी गुडघ्यावर हात ठेवतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "मी आलो असतो गा, पन सायेब नाई म्हणून रायले." कुणी रुसलं तर रुसो. सायबांपुढे कुणाचं चालत नाही.

मी धानाचा व्यापारी. सायकलवर पोती वाहून धंदा उभा केला, कुणाच्या बापाच्या जोरावर नाही. त्यामुळे फुकटात काही चाललेलं दिसलं की माझं डोकं तापतं. आणि यादोराव माझ्या दुकानात रोज फुकट बसतो. तेही माझ्या खुर्चीत, कारण सायबांना स्टूल सोसत नाही. समोरच्या पोत्यावर सायेब ताणून ठेवलेले असतात आणि मी, दुकानाचा मालक, उभा.

हेही मी सोसलं असतं. पण भाव तोडायचा एक नियम आहे. समोरच्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही. मी माणसाला अगदी काठावर आणलेलं असतं, तो आता 'घ्या' म्हणणार, तेवढ्यात त्याची नजर खुर्चीकडे जाते.

"का म्हणते गा गुडघा?"

झालं! यादोराव पिशवीतून नागपूरला मशीनमध्ये काढलेला काळा फोटो काढतो आणि खिडकीच्या उजेडात धरतो. "हे पाह्य वाटी. अन् तिच्या मागं ढगावानी दिसून रायलं ना, तेच सायबाचं दुखणं." समोरचा ढग बघतो, मान हलवतो, आपल्या साळ्याच्या घोट्याची कथा सांगतो, आणि माझ्याकडे परत वळतो तेव्हा त्याला शहाणपण सुचलेलं असतं. "नाई शेठ, या भावात नाई परवडत."

एका ढगाने माझे किती सौदे भिजवले, ते मलाच ठाऊक.

आता हे सायेब उपजले कसे ते सांगतो, कारण त्यातही नुकसान माझंच आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दुपारी कबड्डी होते. आमच्या मंडईत चाळिशीपारच्या गड्यांचा आसगावच्या चाळिशीपारच्यांशी सामना असतो. त्या वर्षी बनियन मी दिल्या होत्या, पाठीवर माझ्या दुकानाचं नाव छापून. यादोराव आमचा वाघ. शेवटच्या चढाईत त्याचा गुडघा फिरला आणि तो उताणा पडला. मैदानावर कुणा शहाण्याने पाणी जास्त मारलं होतं. सामना गेला, तो एक वेळ जाऊ द्या. पण सगळ्या तालुक्यादेखत माझं दुकान चिखलात गेलं! लोक धावले ते गुडघ्याकडे. दुकानासाठी कुणी हळहळलं नाही. मी ते विसरलेलो नाही.

यादोरावची बायको आधीच वारली होती. एकोडीला दिलेली लेक, सुनंदा, धावत आली. रुईची पानं तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधायची, तेल चोळायची. चांगली दोन महिने राहिली. पुढे साकोलीच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, "गुडघा बरा आहे, आता चाला, खेळा." यादोराव घरी आला आणि म्हणाला, "डाक्टर नवा हाय." मग लाखांदूर झालं, भंडारा झालं, नागपूर झालं. ज्याने ज्याने बरा आहे म्हटलं, तो नवा निघाला.

सुनंदा दर मंडईला पानांचं गाठोडं घेऊन येते आणि शेकून शेकून पाचव्या-सहाव्या दिवशी जाते. एरवी रोज संध्याकाळी तिचा फोन. मोबाइल स्पीकरवर असतो, त्यामुळे मलाही ऐकावा लागतो. "बाबा, गुडघा?" हा पहिला शब्द. यादोराव मग खुर्चीत सावरून बसतो आणि सायबांचा दिवस कसा गेला ते सविस्तर सांगतो.

यंदा मंडईच्या आठवडाभर आधी माझ्या दुकानात एक पोतं उसवलं. धान जमिनीवर सांडलं. आणि कमोडशिवाय ज्याचं भागत नाही तो यादोराव झटकन उकिडवा बसून ओंजळीने धान भरू लागला. गप्पा मारत, सरकत सरकत, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. आणि उठला तो कशाला हात न लावता.

मी ओरडलो, "यादोराव, सायेब कुठी गेले?"

तो थबकला. खाली बघितलं. मग लंगडत लंगडत खुर्चीकडे निघाला. डाव्या पायाने.

दुकानात चार माणसं होती. माझं डोकं आधीच तापलेलं. "यंदा मंडईत खेळ, नाईतर माही खुर्ची सोड!"

"बनियन घालून उभा राईन बावा. चढाईचं नाव नोको काढू."

"शेवटची चढाई तूच करशील."

"एखादी मधातली दे ना गा."

"शेवटची. अन् त्याच्या खाली सौदा नाई."

सौद्यात मी हरत नाही. तो खेळला.

आसगाव एका गुणाने पुढे होतं आणि चढाई शेवटची. यादोरावने माती कपाळाला लावली, मग उजव्या गुडघ्याला हात लावून तोही कपाळाला लावला. लोक हसले. मी नाही हसलो, बनियन यंदाही माझ्याच होत्या. तो आत शिरला, दोघांना शिवला, आणि आसगावच्या एका रेड्यासारख्या गड्याने त्याचा उजवा पाय धरला. सुनंदा बायकांतून उठून उभी राहिली. यादोराव त्याच गुडघ्यावर गर्रकन फिरला आणि पालथा पडला तो मधल्या रेषेवर हात टेकवूनच. सामना आमचा! माझ्या दुकानाचं नाव आभाळाकडे तोंड करून, कोरं करकरीत. फोटो मात्र त्या मूर्खांनी समोरून काढला.

पोरांनी यादोरावला खांद्यावर घेतलं. सुनंदा रडत हसत होती. "बाबा, माह्या जिवाचा घोर गेला. आता सकाळच्या गाडीनं निघतो, घरी धान कापून पडला हाय."

यादोराव खांद्यावरून म्हणाला, "हाव, जा ना."

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. सरळ चालत. स्टुलावर बसला. खुर्ची त्याने स्वतःच माझ्याकडे सरकवली. माणसं आली, "का चढाई मारली गा!" म्हणून पाठ थोपटून गेली. तिसऱ्या दिवशी तेवढंही कुणी म्हणालं नाही. पिशवीतला फोटो पिशवीत राहिला. मी पटापट सौदे केले. संध्याकाळी फोन वाजला. "बाबा, बरे हा ना? मंग ठेवतो, सैपाक पडला हाय." यादोराव बंद झालेला मोबाइल हातात धरून बसला.

दुकान बंद करून त्याच्या घरावरून गेलो, तर रुईच्या पानांचं गाठोडं ओट्यावर तसंच पडलेलं, न उलगडलेलं. बाहेर डोकावणारी पानं वाळत चालली होती.

चौथ्या दिवशी एक माणूस अगदी काठावर आला होता, आता 'घ्या' म्हणणार होता. मला काय झालं कुणास ठाऊक. त्याला तसाच सोडून मी यादोरावकडे वळलो आणि दुकानभर ऐकू जाईल असं विचारलं, "का गा यादोराव, उजवा झाला बरा. पन त्या दिवशी डाव्यानं लंगडत होतास. डावा का म्हणते?"

यादोरावने माझ्याकडे पाहिलं. मग त्याचा हात हळूच डाव्या गुडघ्यावर गेला.

"डावा," तो म्हणाला, "डावा जरासा कुरकुर करून रायला, शेठ."

"मंग स्टुलावर काहून बसला? ऊठ, हे घे खुर्ची. अन् सुनंदाले फोन करून सांग, बावा."

काठावरचा माणूस पुढे सरकला. "कुठी दुखते गा? माह्या साळ्यालेबी डाव्यातच झालता." यादोराव खुर्चीत सावरून बसला. डावा पाय पोत्यावर ताणला.

सौदा अर्थातच गेला. मी उभा.