कैरी, ताक अन् गणपत मिस्त्री

सन १९३७. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो अन् मंगरूळपीर ते वाशीम मोटर चालवत होतो. त्या साली आमच्या अड्ड्यावर गणपत मिस्त्री आला. तो मोटरची बॅटरी चाखायचा. हो, चाखायचाच! दोन्ही तारांची टोकं जिभेवर टेकवायचा, डोळे मिटायचा अन् निकाल द्यायचा.

"हे कच्ची कैरी. घेऊन जाय."

"हे शिळं ताक. राहू दे चार्जिंगले."

दोन बॅटऱ्या ताडून पाहायच्या असल्या, तर मधे चूळ भरायचा. तेजाब तपासायची काचेची नळी मोटरींच्या मालकानं आणून दिली होती. तिच्यात यानं उदबत्त्या खोचल्या. "काचेले जीभ असते काय बे?"

एका जागी बसणं त्याला माहीत नव्हतं. बोलता बोलता इकडे खिळा चाट, तिकडे पाना चाट. मी चौथीतून शाळा सोडलेला, पण डायवरकीचा तोरा मोठा. त्याला तोंडावर 'चटोर मिस्त्री' म्हणायचो.

एक दिवस त्यानं 'कैरी' म्हणून दिलेली बॅटरी वाटेत आसेगावला मेली. पाशिंजरांनी मोटर ढकलली. एक म्हातारी म्हणाली, "बैल जुप रे बाबू, बैल!"

माझं नाकच कापलं. भर दुपारी भांडायला त्याच्या खोलीवर गेलो. एकटाच जेवत होता.

"बस. पयले जेव."

वांग्याच्या भाजीचा घास घेतला अन् डोळ्यांत पाणी आलं. नुसतं मीठ! तो मात्र खुशाल खात होता. मग माझं तोंड पाहून थांबला.

"खारट झाली ना?"

मी दुसरा घास उचलला.

"दिवाळीपासून जिभेले काईच समजत नाई. गूळबी माती, बॅटरीबी माती. अंदाजानं बोलून राह्यलो. मालकाले समजलं त काढूनच टाकते. मंग जाऊ कुठं? बॅटरी सोडून मले कोण इचारते?"

मी ताट पुसून खाल्लं. भांडण राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अड्ड्यावर मालक होता, सगळे डायवर होते. फळीवर दोन बॅटऱ्या. मिस्त्री तारा हातात धरून नुसता उभा. मी त्या हिसकावल्या अन् माझ्या जिभेवर टेकवल्या. टाळूपर्यंत झिणझिण्या गेल्या.

"चटोराले चेला भेटला!" कोणीतरी ओरडलं.

मिस्त्रीनं हळूच विचारलं, "काय लागते?"

"कैरी, मिस्त्री. तुमी म्हणता तशीच."

त्यानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं केला. मी चूळ भरली अन् दुसरीच्या तारा उचलल्या.