धाकटीत जीव उरला नाही

"ही गाडी बंद पडूच शकत नाही!" घड्याळजी भेटेल त्याला छातीठोकपणे सांगत. "पेट्रोल संपलं तर वीज आहे, वीज संपली तर पेट्रोल आहे. दोन्ही संपलं, तर तो दोष गाडीचा नाही, माणसाचा!"

घड्याळजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान जेमतेम कपाटाएवढं होतं. त्यात खुर्चीमागच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक पाटी लावली होती: 'सेल लहान असतो, पण घड्याळ त्याच्याच जिवावर चालतं. वेळेवर बदला.' कुणी सेल बदलायला कुरकुर केली की ते मागे न बघता पाटीकडे बोट दाखवत. पाटी गिऱ्हाइकांसाठी होती. मालकाची तिच्याकडे कायम पाठच असायची.

त्या दिवशी मात्र गाडीवर मोठी जबाबदारी होती. अकरा वाजता त्यांच्या बायकोची ड्रायव्हिंगची टेस्ट होती, आणि तीही तिसऱ्यांदा! पहिल्या वेळी गाडी चढावरून मागे आली होती. दुसऱ्या वेळी तिचे हात इतके थरथरत होते, की परीक्षकांनीच घाबरून पट्टा सोडला. बाई बावीस वर्षं हॉस्पिटलात नर्स. वॉर्डात उभं राहून राहून गुडघे बोलायला लागलेले. आता घरोघरी जाऊन पेशंट बघण्याचं काम तिला मिळणार होतं, पण सोमवारपर्यंत लायसन्स दाखवलं तरच. ही टेस्ट हुकली तर पुढची तारीख तीन महिन्यांनी, आणि काम दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात.

साडेनऊ वाजता घड्याळजी फडकं घेऊन खाली गेले. रात्रभर गाडी चार्जिंगला लावलेली होती. त्यांनी ऐटीत किल्लीचं बटण दाबलं.

काही नाही!

पुन्हा दाबलं. मग किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून, दार उघडून ते आत बसले आणि स्टार्टचं बटण दाबलं. समोरचे सगळे दिवे एकदा मिचमिचले आणि विझले. कुठून तरी टिक-टिक-टिक असा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदाच टिकटिक ऐकून घड्याळजींना घाम फुटला!

महिन्यापूर्वीच गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, "साहेब, तुमची थोरली ठणठणीत आहे. पण धाकटी थकलीय." थोरली म्हणजे गाडी पळवणारी मोठी बॅटरी आणि धाकटी म्हणजे कोपऱ्यातली छोटी. "दार उघडणं, गाडीला जागं करणं ही सगळी कामं धाकटीची. ती झोपली तर थोरलीला उठवणार कोण?" यावर घड्याळजी हसले होते. एवढी थोरली घरात असताना त्या चिमुरडीला कोण विचारतो!

आता त्यांनी घाईघाईनं त्याला फोन लावून ती टिकटिक ऐकवली. "गाडीखाली आहे, पाच मिनिटांत फोन करतो," एवढंच तो म्हणाला. आणि त्यानं केलाही. फक्त त्याच्या वहीत नंबर बायकोचा होता.

घरात थोरली म्हणजे बायको, आणि धाकटी म्हणजे तिची बहीण! महिन्यापूर्वीच मेहुणीची सगळी तपासणी झाली होती. बायको ड्यूटीवर होती, म्हणून हॉस्पिटलात तिला घड्याळजीच घेऊन गेले होते.

"साहेबांना निरोप द्या," फोनवरचा आवाज घाईत होता. "म्हणावं, धाकटीत आता जीव उरलेला नाही. महिन्यापूर्वीच सांगितलं होतं! बाहेरून करंट दिला तर उठेल, पण पुन्हा मान टाकेल. ठेवतो, इथं एक उघडून ठेवलाय."

कुणाला तरी उघडून ठेवून इतक्या शांतपणे बोलणारा माणूस सर्जनच असणार, यात बायकोला तिळमात्र शंका उरली नाही.

घड्याळजी वर आले ते चेहरा शक्य तितका साधा ठेवून. टेस्टच्या आधी तिला काही कळू द्यायचं नव्हतं.

"तुम्हाला महिन्याभरापासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

घड्याळजी समजले, बिंग फुटलं. "हो गं. पण म्हटलं, तुझी टेस्ट आहे, उगाच टेन्शन कशाला?"

"आणि काहीच केलं नाहीत?"

"वाटलं, अजून दोनतीन महिने काढेल."

"काढेल?" तिचा आवाज चिरकला.

"आता वय झालं की व्हायचंच! तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आजचा दिवस ढकलू. उद्या जुनी देऊन नवीन आणतो!"

बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की घड्याळजी दोन पावलं मागे सरकले. मग तिनं बहिणीला फोन लावला. "धाकटे, बोलू नकोस! हलू नकोस! छातीत दुखतंय का?" आणि पुढे तिला रडूच फुटलं.

धाकटी पोहण्याची प्रशिक्षक. ताई रडतेय म्हटल्यावर ती 'हलू नकोस' कसलं ऐकते! तिनं आपली जुनी गाडी दामटली आणि दहाव्या मिनिटाला जिने तीनतीन पायऱ्यांनी चढून ती दारात उभी राहिली.

"ताई, काय झालं तुला?"

"मला? अगं, तुझ्यात जीव उरलेला नाही!"

"कोण म्हणतं?"

दोघी बहिणी घड्याळजींकडे वळल्या. मग सगळं बाहेर आलं. बॅटरी, गॅरेजवाला, थोरली, धाकटी, सगळं! बायको एका डोळ्यानं हसत होती, दुसऱ्यानं रडत होती.

"म्हणजे भाऊजी," धाकटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जुनी देऊन नवीन आणणार होतात ती मी?"

घड्याळाकडे पाहिलं तर दहा वाजून गेलेले. पण धाकटीच्या डिकीत एका गाडीची वीज दुसरीला देणारी जंपर केबल होती. गॅरेजवाला फोनवरून सांगत गेला आणि बायकोनं केबल जोडली. घड्याळजी, एरवी केसाएवढा स्क्रू बसवणारे, केबलचं दुसरं टोक धरून नुसते उभे होते. बटण दाबलं, दिवे लागले! "आता काहीही झालं तरी बंद करू नका," गॅरेजवाला ओरडला. "ती चार्ज धरतच नाही!"

रस्त्यात मान टाकली तर, म्हणून धाकटी आपली गाडी घेऊन मागोमाग निघाली.

टेस्टच्या मैदानावर परीक्षक गाडीत येऊन बसले, पट्टा दोनदा ओढून पाहिला. "चला, सुरू करा."

"सुरूच आहे साहेब."

"आवाज कुठाय?"

"हिला आवाज नसतो."

"बाई, मला शिकवू नका!" असं म्हणून त्यांनी स्वतःच हात लांबवून बटण दाबलं.

दिवे विझले. मैदानाच्या कडेला घड्याळजींनी डोळे मिटून घेतले. गेलं! काम गेलं, लायसन्स गेलं, आणि बहुधा रात्रीचं जेवणही!

पण पेशंटनं मान टाकली, की नर्सचे हात थरथरत नाहीत. बायको शांतपणे खाली उतरली. "धाकटे, गाडी पुढे घे! अहो, केबल! साहेब, तुम्ही जरा बाहेर थांबा." परीक्षक मुकाट्यानं उतरून बाजूला उभे राहिले. नर्सनं बाहेर थांबा म्हटल्यावर कोण थांबत नाही? लाल लालला, काळी काळीला, शेवटचं टोक उघड्या लोखंडाला. ती दोन मिनिटं मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली, मग आत बसून बटण दाबलं. गाडी जागी झाली!

पुढे चढ आला, वळणं आली, गाडी मागे घेणंही झालं. हात कुठेच थरथरले नाहीत. परीक्षकांनी कागदावर सही केली आणि बटणापासून हात लांब ठेवून ते उतरले. "बाई, गाडी तर तुम्हाला येतेच," ते म्हणाले. "पण माझ्या आईकडे कुणी घरी येऊन बघणारं हवंय. याल का?"

बायकोनं कागद छातीशी धरला. बहिणीनं तिला मिठी मारली. घड्याळजींचेही डोळे भरून आले. "मी म्हणत नव्हतो," ते गहिवरून म्हणाले, "ही गाडी बंद पडूच श..."

दोघींनी वळून पाहिलं. वाक्य तिथंच बंद पडलं.

गाडी बंद न करता तिघं थेट गॅरेजला गेले आणि नवी धाकटी बसवून आले.

सोमवारी बायको पहिल्या फेरीला गाडी घेऊन एकटी निघाली. घड्याळजींनी दुकान उघडलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं घड्याळ पुढे सरकवून कुरकुर केली, "सेल आत्ताच बदलायला हवा का हो? मोठं मशीन तर ठीक आहे ना?"

घड्याळजींनी सवयीनं मागे बोट केलं. गिऱ्हाईक भिंतीकडे बघतच राहिलं. तिथं नुसता खिळा होता. पाटी गाडीत, स्टिअरिंगसमोर जाऊन बसली होती.

"बदलून टाका हो," घड्याळजी बोट हळूच खाली घेत म्हणाले. "नाहीतर मेहुणी येते!"